हनुवटीवरचा उजेड

फोटो शाळेच्या स्मरणिकेसाठी हवा होता. शाळेला ७५ वर्षं होतायत, आजी-माजी शिक्षकांचे फोटो छापायचे ठरले आणि मी गोव्यातल्या फोंड्याच्या बाजारात एका माडीवरच्या स्टुडिओत गेले. कॅमेऱ्यामागचा मुलगा माझाच जुना विद्यार्थी. त्यानं स्टूल पुसून दिलं, "बाई, मात्शें हांगा पळयात" म्हणाला आणि कॅमेऱ्यातून बघता बघता थांबला. पुढं येऊन छत्रीचा दिवा खाली ओढला. परत बघितलं. दिवा थोडा तिरका केला, खिडकीचा पडदा सरकवला, मग एक दिवा बंदच करून टाकला. माझ्या जबड्याच्या खालच्या कडेवर कुठून तरी उजेड सांडतोय असं त्याला वाटत होतं आणि तो कुठल्या दिव्याचा, ते काही सापडत नव्हतं. त्याला काय दिसतंय ते मला पहिल्या झटक्यातच कळलं होतं. सांगून टाकावं असंही वाटत होतं आणि तोंड उघडवतही नव्हतं. शेवटी त्यानं तसाच फोटो काढला आणि कंप्युटरवर माझा चेहरा मोठा करत नेला. हनुवटी पडदाभर झाली. माउसचं वर्तुळ शेजारच्या कातडीवर ठेवायचं, तिथला रंग उचलायचा, फिकट चौकोनावर सोडायचा, टिक. एकेक करून सगळे चौकोन भरले. "आतां बरो आयलो," तो म्हणाला. मनापासून म्हणाला.

डाग उजेडाचाच होता. त्याच्या छत्रीतल्या उजेडाचा नव्हता, एवढंच.

केसांपासून सांगायला हवं. कॉलेजात असताना पाळी चुकायला लागली, सोनोग्राफी झाली, पीसीओएस हे हार्मोनच्या बिघाडाचं नाव कागदावर आलं आणि वजन, गोड खाणं, गोळ्या यांच्याबद्दल सगळे बोलले. हनुवटीवरच्या केसांबद्दल कुणी अक्षर काढलं नाही. पस्तिशीनंतर ते जाड झाले. अंगावरच्या इतर लवीपेक्षा अगदी वेगळे, काळेभोर, टोकाला राठ. सकाळी म्हार्दोळच्या बाजूला जाणाऱ्या कदंब बसमध्ये खिडकीतून आडवं ऊन यायचं आणि त्या उन्हात प्रत्येक केस सुटा दिसतो, हे मला शेजारी बसलेल्या बाईच्या नजरेनं शिकवलं. तेव्हापासून मी उन्हाची बाजू टाळून बसायची. पर्समध्ये चिमटा असायचा. वर्गात मुलं गणितं सोडवत असताना माझा अंगठा हनुवटीखाली फिरत राहायचा. कुठलं टोक बाहेर आलंय, कुठलं संध्याकाळपर्यंत येईल, याचा हिशेब डोक्यात एकीकडे चालूच. ज्या बायकांच्या वाट्याला हे आलंय त्यांना वेगळं सांगायला नको. ज्यांच्या वाट्याला आलेलं नाही त्यांना एवढंच सांगते, की दिवसातला बराच वेळ यात जातो, आणि तो वेळ कुणालाच दिसत नाही.

पेडण्याला आजोळी दशावतार बघत मोठी झाले. स्त्रीपार्ट करणारा माणूस नाटकाआधी मांडवामागं ट्रंकेवर आरसा टेकवून बसायचा. वस्तरा दोनदा फिरवायचा, उलट आणि सुलट, मग गालावर उरलेली निळसर सावली झाकायला सफेदा, पिवडी असं काय काय हातावर मळून चोपडायचा. आम्ही पोरं भोवती उकिडवी बसून बघायचो. गावातले चार जण बिडी ओढत गप्पा मारायला तिथंच. दाढी घालवून बाई होण्याचं ते सगळं काम असं चारचौघांत, उजेडात चालायचं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. त्याच घरात माझी आजी न्हाणीचं दार लावून घ्यायची आणि चुलीतली चिमूटभर राख बोटांना लावून ओठावरचे केस उपटायची. राखेनं बोट निसटत नाही. मी एकदा दाराच्या फटीतून बघितलं होतं. तिनं माझ्याकडे अशी नजर फिरवली, की मी ते कुणाला कधी सांगितलं नाही. आज पहिल्यांदाच लिहिते आहे.

लेझरचं क्लिनिक शहरात होतं. आत गार, पांढरं, कॉफीचा वास. भिंतीवर डॉक्टरांच्या पदव्या चौकटीत लावलेल्या, मशीनजवळ मात्र निळ्या कोटातली एक तरुण मुलगी. बोलायला गोड. डोळ्यांवर काळा चष्मा चढवून, गार जेल लावून ती म्हणाली, "रबरबँड मारल्यासारखं वाटेल, बस." तसंच वाटलं. त्यानंतर एक वास आला, केस जळल्याचा, आणि मला खरं सांगायचं तर त्या वासानं फार बरं वाटलं. इतकी वर्षं ज्यांनी छळलं ते जळतायत. पहिल्या काही खेपा छान गेल्या. केस पातळ झाले, उगवायला वेळ लागायला लागला. शाळेत प्रार्थनेला उभी असताना हात आपोआप हनुवटीकडे जायचा आणि तिथं काहीच लागायचं नाही. ते सुख मी नाकारणार नाही. लेझर ही फसवणूक आहे असं मला वाटत नाही. माणसाच्या हातून झालेली ही एक सुंदर युक्ती आहे, आणि तिच्या अटी आहेत. त्या अटी मला कुणी सांगितल्या नाहीत, माझा राग तेवढाच आहे आणि तो पुष्कळ आहे.

त्या उन्हाळ्यात मी मतदार यादीचं काम करत होते. एप्रिल-मेचं ऊन, दारोदार फिरणं, डोक्यावर छत्री धरली तरी खालून डांबर तापलेलं. चेहरा, मान, हात चांगलेच करपले होते. तशीच त्या खुर्चीत जाऊन बसले. मुलीनं माझ्या हनुवटीवर बोट फिरवलं, मागच्या वेळेपासून विशेष फरक नाही म्हणाली, आणि "आज थोडी एनर्जी वाढवते" म्हणून मशीनवरचं बटण दाबत गेली. ऊन लागलंय का, कुठली क्रीम लावता का, विचारलं नाही. आधी एका कोपऱ्यात बारीकसा ठिपका मारून काही दिवस थांबायची रीत असते, तेही झालं नाही. या वेळी वास वेगळा आला. संध्याकाळी जबड्याची कड लाल, हात लावू देईना. फोन केला तर "नॉर्मल आहे, बर्फ लावा". मग बारीक तपकिरी खपल्या धरल्या, अगदी चौकोनी, करंगळीच्या नखाएवढ्या, मशीनच्या तोंडाची खिडकी जेवढी तेवढ्या. ओळीनं. दोन चौकोनांमध्ये जिथं तिचा हात थोडा पुढं सरकला होता तिथं माझी सावळी कातडी शाबूत. खपल्या पडल्या तेव्हा खाली गुलाबी होतं. गुलाबी उतरलं आणि काहीच उरलं नाही. रंग म्हणून जे असतं, तेच नव्हतं.

मग मी वाचायला लागले. बॉस्टनच्या रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या दोन डॉक्टरांनी १९८३ साली 'सायन्स' या नियतकालिकात मांडलेल्या कल्पनेवर हा सगळा डोलारा उभा आहे. विशिष्ट रंगाचा उजेड विशिष्ट रंगाची वस्तूच शोषून घेते. तो उजेड अगदी थोडा वेळ सोडला, तर फक्त तीच वस्तू तापते आणि आजूबाजूचं वाचतं. केसाचा रंग मेलॅनिनचा. उजेड मेलॅनिनवर जातो, केस तापतो, मुळापर्यंत उष्णता पोचते, मूळ मरतं. नव्वदच्या दशकात यातून केस घालवायची यंत्रं आली. गोरी कातडी आणि काळा केस असला की उजेडाला चुकायला जागाच नसते. आपल्याकडे मेलॅनिन केसात आहे आणि वरच्या कातडीतही आहे, ऊन लागलं की आणखी जास्त. उजेडाला दोन्ही सारखेच. केसापर्यंत पोचायच्या आधी तो वाटेतल्या कातडीलाच तापवतो. म्हणून तर ही यंत्रं वेगवेगळी असतात. अलेक्झांड्राइटचा उजेड ७५५ नॅनोमीटरचा, डायोडचा ८१०च्या आसपास, एनडी-यागचा १०६४. लहरीची लांबी वाढली की उजेड खोल जातो आणि वरच्या मेलॅनिनला कमी चिकटतो. सावळ्या-काळ्या कातडीला १०६४ सगळ्यांत सुरक्षित. डायोडही चालतो, पण मग ऊर्जा बेतानं, पल्स, म्हणजे उजेडाचा एकेक झटका, लांब, कातडी गार ठेवणं चोख आणि ऊन लागलेलं असेल तर काही आठवडे घरी बसा. माझ्यावर कुठलं यंत्र फिरवलं ते मी नंतर विचारलं. मुलगी म्हणाली, "मॅडम, लेझर म्हणजे लेझर."

कातडीचे सहा प्रकार मानतात, ते थॉमस फिट्झपॅट्रिक या अमेरिकन त्वचातज्ज्ञानं १९७५ साली सुचवलेल्या वर्गवारीवरून. त्याचा मूळ प्रश्न साधा होता, उन्हात गेल्यावर ही कातडी भाजते की काळवंडते. पहिल्या मांडणीत गोऱ्या कातडीचेच चार प्रकार होते. तपकिरी आणि काळी माणसं पाचवा आणि सहावा म्हणून पुढं जोडली गेली. आपण बहुतेक जण चौथ्या-पाचव्यात येतो. हे वाचताना मला आमच्या मामी-मावश्या आठवल्या, जन्मलेल्या पोरीचा कान उलटा करून ती पुढं कुठल्या रंगावर जाईल ते बघणाऱ्या. रंगाचा एवढा विचार आपल्या घरांत होतो. त्या रंगाचं काम काय, हा विचार मी चाळिशी ओलांडेपर्यंत केला नव्हता. कातडीच्या खालच्या थरात रंग बनवणाऱ्या पेशी विखुरलेल्या असतात. एकेक पेशी आपल्या बारीक हातांनी आसपासच्या तीसेक पेशींना रंगाचे कण पुरवते. ज्या पेशीला ते मिळतात ती ते कण आपल्या केंद्रावर, उन्हाच्या बाजूला रचून ठेवते, आतल्या जनुकांना ऊन लागू नये म्हणून. गोऱ्या आणि काळ्या माणसात या पेशींची संख्या साधारण सारखीच असते. फरक त्या किती आणि कसा रंग बनवतात यात आहे. आजीच्या तोंडी जो रंग लग्नात आड येणारी गोष्ट होता, तो इतका कष्टाळू आहे हे कळल्यावर मला माझ्या हनुवटीकडे बघून फार वाईट वाटलं. माझ्या सुंदर दिसण्याचं जे काय व्हायचं ते होवो. त्या पेशींचं काम बंद पडलं होतं.

गोव्यात राहून असा डाग अंगावर असला की वर्षाचे महिने त्यावर वाचता येतात. शिगम्याच्या सुमाराला ऊन चढतं, भोवतालची कातडी गडद होते आणि चौकोन उठून दिसायला लागतात. मे महिन्यात ते इतके स्पष्ट असतात की मान वर करायला नको वाटतं. मग पाऊस लागतो. आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, आजूबाजूचा रापलेपणा ओसरतो आणि चवथीपर्यंत दोन्ही रंग जवळ येतात. गणपतीवरची फळा-पानांची माटोळी बांधायला हात वर करून उभी राहिले की जाऊ खालून बघते आणि म्हणते, कमी झालेत गं. कमी झालेले नसतात. दिवाळीच्या पुढं आभाळ मोकळं झालं की परत ओळखीचे चौकोन जागच्या जागी.

लोकांनी विचारलं. आपल्याकडे पांढरा डाग म्हणजे पहिली शंका कोडाची आणि दुसरी त्याहून वाईट, महारोगाची. कुणी कुजबुजत विचारलं, कुणी सरळ बावची लावायला सांगितली, एकीनं हळूच माझ्या मुलीचं वय विचारलं. त्या प्रश्नाच्या आत काय आहे ते कळायला वेळ लागत नाही. कोड संसर्गानं होत नाही, शिवल्यानं पसरत नाही, हे शाळेत मी दर वर्षी सांगते; तरी त्या बाईसमोर माझ्या तोंडून घाईघाईनं "लेझरचं आहे" असं येणार होतं आणि आलं नाही, कारण मग केसांचं सांगावं लागलं असतं. दुसरीतल्या एका पोरीनं मात्र वही तपासून घेताना सरळ बोट दाखवलं. "बाई, तुमच्या तोंडाक हें कितें लागलां?" मी म्हटलं, भाजलंय. तिनं विचारलं, दुखतं का. नाही म्हटल्यावर ती बेरजेकडे वळली. तिच्यापुरतं ते संपलं होतं.

बांबोळीच्या सरकारी इस्पितळाच्या ओपीडीत गेले तो पावसाळी दिवस होता. बाकांवर ओल्या छत्र्या, फोटोथेरपीच्या खोलीबाहेर रांग, रांगेत एक लहान मुलगा, त्याच्या पापण्यांवर आणि गुडघ्यांवर कोड, आईच्या मांडीवर बसून बिस्किट खात होता. डॉक्टरबाई माझ्याहून लहान. तिनं आधी मला डोळे मिटायला सांगितले आणि कापसाची वात करून हनुवटीवर ठिकठिकाणी टेकवली. लागलं की सांगा. सगळीकडे लागलं. बधिरपणा नव्हता, माझ्या मनातली जी शंका मी नवऱ्यालाही बोलले नव्हते ती तिनं न विचारता काढून टाकली. मग दिवे घालवले आणि एक जांभळट दिवा जवळ आणला. पूर्ण रंग गेलेली कातडी त्या दिव्याखाली निळसर पांढरी लखलखते. माझी लखलखली नाही, नुसती फिकट दिसली. "रंगाच्या पेशी सगळ्या मेलेल्या नाहीत, धास्तावल्यात," ती म्हणाली. वाट बघायची. महिने जातील, कुणाचं वर्ष जातं, काहींचं थोडं कायमचं राहतं. रात्री टॅक्रोलिमसचं मलम, दिवसा सनस्क्रीन आणि पदर. ब्लीच नाही, थ्रेडिंग नाही, गोरं करणारी क्रीम तर नाहीच. नाही भरलं तर पुढं रांगेतल्या त्या मुलाला देतात तशी ३११ नॅनोमीटरची अतिनील किरणं. उजेडानं घालवलेला रंग उजेडानंच परत बोलवायचा.

उठता उठता मी विचारलं, येतो तर तो येतो कुठून? तिनं कागदावर एक केस काढला, मुळाच्या अलीकडे थोडा फुगवटा दाखवला. रंगाच्या पेशींचं राखीव बियाणं केसाच्या मुळाच्या त्या भागात असतं. कातडीवरच्या पेशी गेल्या की तिथून नव्या वर चढतात आणि केसाच्या तोंडाभोवती तपकिरी ठिपका धरतात. काही आजूबाजूच्या कडांवरूनही सरकत येतात. म्हणून तर ओठांवर, बोटांच्या टोकांवर, जिथं केस नाहीत तिथं कोड भरणं अवघड जातं. हे ती सहज बोलून गेली, पुढचा पेशंट आत आला. मी मात्र तो कागद मागून घेतला. मी जे मूळ जाळायला गेले होते, रंगाचं कोठार तेच होतं.

पुढं बरेच आठवडे गेल्यावर एका सकाळी न्हाणीतल्या आरशात, खिडकीच्या उजेडात, मधल्या एका चौकोनात मला काळपट ठिपका दिसला. आधी वाटलं काजळ लागलं. पुसलं, गेलं नाही. भिंग आणलं, मुलीच्या प्रयोगवहीबरोबर मिळालेलं. ठिपका मोहरीहून बारीक, तपकिरी, कडा धूसर, आणि त्याच्या बरोबर मध्यातून एक केस वर आलेला. वाचलेला. लेझरमधून सुटलेला. जुन्या सवयीनं हात चिमट्याकडे गेला आणि मी तो मागं घेतला. नंतर तसे आणखी काही ठिपके दिसले, प्रत्येकाच्या पोटात एकेक केस. ज्या चौकोनात केस पुरते मेले होते तिथं काही नव्हतं, फक्त कडेनं रंग इंचाइंचानं आत येत होता. आता मी ते केस कात्रीनं कापते, उपटत नाही. बसमध्ये उन्हाच्या बाजूला जागा मिळाली तर कधी तिथं बसते, कधी नाही. हे मी पूर्णपणे पचवलंय असं म्हणणार नाही. त्या केसांची लाज अजून येते. फक्त आता लाज येते त्याच क्षणी त्यांच्याबद्दल माया पण वाटते, आणि या दोन्ही गोष्टी एका हनुवटीवर कशा मावतात ते मला कळत नाही.

क्लिनिकमध्ये मी परत गेले होते. त्यांनी माझ्या सहीचा कागद पुढं ठेवला. दाटीवाटीनं छापलेला, इंग्रजीत, आणि त्यात कुठंतरी हायपोपिग्मेंटेशन हा शब्द होता. मला तो शब्द तेव्हा कुणी वाचून दाखवला नव्हता, रंग जाऊ शकतो असं साध्या बोलीत सांगितलं नव्हतं. भरपाई म्हणून मोफत फेशियल देऊ म्हणाले. मी पावती मागितली तर तिच्यावर नुसतं 'स्किन पॅकेज' लिहिलेलं. त्या वेळी मला सगळी रचना दिसली. बाई जे करायला येते ते तिला लपवायचं असतं, म्हणून पावतीवर ते नसतं, म्हणून ते बिघडलं की बोलायला तोंड नसतं. तक्रार करायची तर चार लोकांसमोर म्हणावं लागणार, माझ्या हनुवटीवर केस होते. ते म्हणण्यापेक्षा डाग सोसणं परवडतं. किती जणी असं सोसत असतील कुणास ठाऊक; ज्या गप्प आहेत त्या मोजता येत नाहीत. आणि म्हणून निळ्या कोटातल्या त्या मुलीलाही, जी मुद्दाम वाईट वागली नव्हती, पुढच्या बाईसाठी काय बदलायचं ते कधी कळत नाही. तिला शिकवणाऱ्यांनी यंत्र चालवायला शिकवलं, कातडी बघायला नाही.

मागच्या महिन्यात बहिणीच्या मुलीचं लग्न ठरलं. घरात साड्या, हॉल, कॅटरर यांवर मोठमोठ्यानं चर्चा. संध्याकाळी मी सोलकढीसाठी नारळ खवत होते तेव्हा ती आत आली, नळ सोडला आणि पाण्याच्या आवाजात विचारलं, "मावशे, लेझर दुखता गो?" ब्रायडल पॅकेज घेतलंय म्हणाली, ओठ, हनुवटी, हात. पुढच्या आठवड्यात पहिली खेप. त्याआधी मैत्रिणींबरोबर मोरजीच्या किनाऱ्यावर दोन दिवस. मी नळ बंद केला. पदरानं हनुवटीवरची पावडर पुसली आणि तिला बल्बखाली ओढलं. नीट बघितलं तिनं. बोट लावून बघितलं. मग मी आजूबाजूला कोण आहे याची फिकीर न करता सगळं सांगितलं: आधी पाळीचं आणि हार्मोनचं काय ते बघून घे, नाहीतर जाळलेले केस परत येत राहतील, यंत्र कुठलं ते विचार, डॉक्टर समोर असतील का विचार, जबड्याखाली एक ठिपका मारून घे आणि थांब, आपल्या कातडीला उत्तर द्यायला वेळ लागतो, समुद्रावर जाणार असशील तर लेझर पुढं ढकल, आणि लग्नाच्या तोंडावर तर मुळीच नको. कायमचे जातील असं कुणी म्हणालं तर उठून ये, ते कमी होतात, एवढंच खरं. बहीण दारात येऊन उभी होती. तिचा नवराही. कुणी विषय बदलला नाही. उलट मेहुणे म्हणाले, मोरजीचं आधीच ठरलंय, तर लेझर राहू दे की.

त्या रात्री मी अर्ज लिहायला घेतला. ग्राहक आयोगाकडे तक्रार करायला दोन वर्षांची मुदत असते आणि माझी अजून संपलेली नाही. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी पडत नाही, वकील हवाच असं नाही. फोटो आहेत, स्टुडिओतला सोडून. तो स्मरणिकेत जाऊ दे. ओपीडीचे कागद आहेत, स्किन पॅकेजची पावती आहे, फोनच्या नोंदी आहेत. मेहुण्यांनी वाचून दाखव म्हटलं, म्हणून दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर ओसरीवर सगळ्यांसमोर वाचला. पहिल्या वाक्यापाशी आवाज थोडा अडकला, पण वाक्य मी बदललेलं नाही. 'माझ्या हनुवटीवर केस येत होते व ते काढण्यासाठी मी सदर ठिकाणी गेले होते.' सोमवारी अर्धी रजा टाकून अर्ज द्यायला जाणार आहे. भाची बरोबर येते म्हणालीय.